केकचे पैसे रवांडाला कसे पोचतात?



ज्यांची रेंज कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यात जाते, ज्यांचा डेटा महिनाअखेरीला संपतो, आणि जे सरळ मेसेज टाकतात की "दादा, तुझा आवाज दीडपट स्पीडवर पण झोप आणतो", त्या सगळ्यांसाठी हा भाग लेखी. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय जरा लांबचा आहे. जर्मनीतली एक चिमुकली संस्था रवांडाच्या खेड्यातल्या मुलांना शिकायला मदत करते, म्हणजे नेमकं काय करते? पैसे येतात कुठून, जातात कसे, आणि गेल्यावर त्या पैशाने मुलं खरंच शिकतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

तर झालं असं. मी नोकरीनिमित्त माइन्झला राहतो. फ्रँकफर्टच्या शेजारी, ऱ्हाइन नदीच्या काठावरचं शहर. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बाजारातून येताना एका टेबलापाशी थांबलो. चार पांढऱ्या केसांची माणसं, थर्मासमध्ये कॉफी, घरी केलेले सात-आठ केक, पैसे टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि हाताने लिहिलेली पाटी: रवांडातल्या शाळकरी मुलांसाठी. मी सफरचंदाचा केक घेतला, पैसे डब्यात टाकले आणि आपला अस्सल भारतीय प्रश्न विचारला, "हे पैसे तिथे नक्की पोचतात का हो?"

मला वाटलं, राग येईल. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे खाली वाकून एक जाडजूड फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. पावत्या. शाळेच्या शिक्क्याच्या, दुकानदाराच्या, बँकेच्या. प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. मला ती फाइल केकपेक्षा जास्त आवडली.

त्या बाई संस्थेच्या खजिनदार. निवृत्त शाळाशिक्षिका. त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना नुसतं "बाई" म्हणतो, आपण शाळेत म्हणायचो तसं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हा भाग जाहिरात नाही. शिवाय अशा संस्था इथे गल्लोगल्ली आहेत आणि मी सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांतल्या बहुतेकींना लागू पडतं.

सात माणसं आणि एक कोर्ट

जर्मनीत अशा संस्थेला फेराइन म्हणतात. आपल्या भाषेत मंडळ म्हणा. गणपती मंडळ, भजनी मंडळ, क्रिकेट मंडळ, सगळं त्यात येतं. देशात नोंदणी झालेली अशी 6 लाखांहून जास्त मंडळं आहेत. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. मंडळाची घटना लिहायची, सात जणांनी सह्या करायच्या आणि स्थानिक कोर्टाच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची. गंमत बघा, आपल्याकडच्या 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यातही आकडा सातच आहे. आपल्याकडे मग धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस येतं, इथे आयकर ऑफिस येतं. मंडळाचं काम लोकहिताचं आहे असं त्यांनी मान्य केलं की संस्थेला करात सूट मिळते आणि देणगीदारालाही आपल्या उत्पन्नातून देणगी वजा दाखवता येते. 300 युरोपर्यंतच्या देणगीला वेगळं सर्टिफिकेटही लागत नाही, बँकेचा उतारा पुरतो.

म्हणजे सुरुवात सोपी. पुढचं किचकट. दरवर्षी सर्वसाधारण सभा, जमाखर्च, आणि हिशेब तपासायला सभासदांतूनच निवडलेली माणसं, जी कार्यकारिणीत नसतात. गेल्या वर्षीपासून त्यांतला एक मी आहे. कारण एकच, मला एक्सेल येतं. माझ्याशिवाय संस्थेत साठीच्या आतली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. कुणालाही पगार नाही. ऑफिस म्हणजे बाईंच्या घरातलं जेवणाचं टेबल.

परदेशात पैसे पाठवणाऱ्या मंडळाकडून आयकरवाले कागद जास्त काटेकोरपणे मागतात. पैसा देशाबाहेर गेला की तो घटनेत लिहिलेल्या कामावरच खर्च झाला हे दाखवणं तुमची जबाबदारी. ती जाडजूड फाइल म्हणजे कुणाच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हे. ती नसेल तर करसवलत जाईल.

रवांडाच का?

मलाही हाच प्रश्न पडला होता. याची दोन उत्तरं आहेत, एक जुनं आणि एक नवं. जुनं असं की पहिल्या महायुद्धात बेल्जियमचं सैन्य येईपर्यंत रवांडा जर्मन वसाहतीचा भाग होता. यावर केकच्या टेबलावर कुणी फारसं बोलत नाही. बाई मात्र बोलतात. नवं उत्तर असं की माइन्झ ज्या राज्याची राजधानी आहे, त्या ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याने 1982 साली रवांडा या देशाशी भागीदारी केली. एक राज्य आणि एक अख्खा देश. त्यातून गावं गावांशी, शाळा शाळांशी, चर्च चर्चशी जोडली गेली. राज्याच्या बाजूने हे सगळं जुळवणारं एक ऑफिस किगालीत, म्हणजे रवांडाच्या राजधानीत आहे. 1994 च्या नरसंहारात रवांडात लाखो माणसं मारली गेली, त्यांत शिक्षकही होते आणि विद्यार्थीही. त्यानंतरही ही भागीदारी टिकली. आमच्या मंडळाची शाळा याच जाळ्यातून मिळालेली. एका टेकडीवरची एकच शाळा, वीसहून जास्त वर्षं तीच. रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात, त्यातली ही एक.

फुकट शिक्षण, पण गादी तुमची

इथे आपल्या डोक्यातला एक समज काढून टाकायला हवा. "आफ्रिकेतल्या खेड्यात शाळाच नसतात, म्हणून बाहेरच्यांनी त्या बांधाव्यात" हे चित्र फार जुनं झालं. रवांडाने 2003 साली प्राथमिक शाळेची फी बंद केली. 2009 साली नऊ वर्षांचं आणि 2012 पासून बारा वर्षांचं शिक्षण फीशिवाय. वर्गात गर्दी झाली तेव्हा 2020 या एका वर्षात सरकारने लोकांच्या श्रमदानाची जोड घेऊन 22 हजारांहून जास्त वर्गखोल्यांचं बांधकाम हाती घेतलं. आमच्यासारख्या मंडळाने दहा वर्षं केक विकून एक खोली बांधली तर त्या आकड्यात ती दिसणारही नाही.

मग अडतं कुठे? फी नाही म्हणजे खर्च नाही असं नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गणवेश, वह्या, बूट, जेवणाचा वाटा. रवांडाच्या सरकारने 2022 साली पालकांनी द्यायच्या रकमा ठरवून दिल्या. प्राथमिक शाळेत एका सत्राला 975 फ्रँक, मुलांच्या जेवणासाठी. तेव्हाच्या भावाने एका डॉलरच्याही किंचित कमी. जेवणाचा बाकी मोठा भार सरकार उचलतं. माध्यमिक शाळेत घरून ये-जा करणाऱ्यांना सत्राला 19,500 फ्रँक. आणि सरकारी वसतिगृहात राहून शिकायचं तर सत्राला 85,000 फ्रँक, म्हणजे ऐंशी डॉलरच्या आसपास. वर्षात सत्रं तीन.

हे आकडे एका ओळीत वाचले की उडी लक्षात येते. पहिल्यापासून सहावीपर्यंत खर्च कसाबसा झेपतो. मग राष्ट्रीय परीक्षा होते. एखादीला चांगले मार्क पडतात, वसतिगृहाच्या चांगल्या शाळेत नंबर लागतो, आणि नेमक्या त्या आनंदाच्या दिवशी घरात रडारड सुरू होते. कारण फ्रँकच्या आकड्यासोबत एक यादी येते. गादी, चादर, बादली, गणवेश, वह्या. गादी! मी पहिल्यांदा फाइलमध्ये "गादी, एक नग" अशी पावती बघितली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शाळेच्या नावावर घरचं सामान घेतलं. हिशेब तपासनीसाच्या उत्साहात मी त्यावर लाल खूण केली. बाईंनी समोर बसवून समजावलं की तिथल्या वसतिगृहात गादी आपली आपण न्यायची असते. गादी नसेल तर प्रवेश मिळूनही पोरगी घरीच बसते. ती लाल खूण मी अजून खोडलेली नाही, राहू दे म्हटलं.

थोडक्यात, आमच्या मंडळाचा सगळ्यात मोठा खर्च हाच. वसतिगृहात किंवा वरच्या वर्गात गेलेल्या मुलामुलींची सत्राची रक्कम आणि सुरुवातीचं सामान. त्याखालोखाल, जे पालक 975 फ्रँकही देऊ शकत नाहीत त्यांच्या मुलांचं जेवण.

पैसे जातात कसे, तर अगदी जुन्या पद्धतीने. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवणं आता सोपं आहे, पण रवांडा त्या जाळ्यात नाही. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर करावी लागते आणि दर वेळी मधल्या बँका आपापलं कमिशन कापतात. म्हणून दर महिन्याला थोडे थोडे न पाठवता सत्राच्या आधी एकदम पाठवायचे. तिकडे पैसे कुणा एका माणसाच्या खात्यावर जात नाहीत. शाळेजवळच्या एका स्थानिक संस्थेच्या खात्यावर जातात आणि तिथून थेट शाळेला. कुणाला मदत द्यायची ते मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकांची समिती ठरवते. पावतीचा फोटो त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर, मूळ पावती वर्षातून एकदा. मी या सगळ्याचं ॲप करून देतो म्हणालो होतो. बाईंनी विचारलं, "तू नोकरी बदलून बर्लिनला गेलास तर ते कोण चालवणार?" विषय संपला. एक्सेलच आहे.

मला फोटो का नाही मिळाला

आता माझ्या भांडणाची गोष्ट. मंडळात आल्यावर मी महिन्याला 20 युरो द्यायचं ठरवलं. मला वाटलं, आता मला एखादा मुलगा किंवा मुलगी "मिळेल". नाव, फोटो, वर्षातून एक पत्र. मोठ्या संस्थांच्या जाहिरातीत दिसतं ना, तसं. आईला पण सांगून टाकलं होतं, "आपण एका पोरीला शिकवतोय." आईने लगेच विचारलं, "नाव काय तिचं?"

बाई म्हणाल्या, "आम्ही नाव देत नाही."

मी रागावलो. पारदर्शकता म्हणता आणि पैसे कुणाला गेले ते सांगत नाही? त्यांनी तीन कारणं सांगितली आणि ती मला लगेच पटली नाहीत. पहिलं, वर्गातल्या पन्नास मुलांपैकी पाच जणांना "जर्मन पालक" मिळाले की उरलेल्या पंचेचाळीस जणांचं काय होतं ते त्यांनी शिक्षिका म्हणून डोळ्यांनी बघितलं होतं. पूर्वी हे मंडळही तसंच चालायचं. पत्रं यायची, खेळणी जायची, एकाला सायकल गेली आणि टेकडीवर महिनाभर भांडणं चालली. दुसरं, देणगीदार थांबला की ते मूल थांबतं. माणसाची नोकरी जाते, घटस्फोट होतो, कधी नुसता कंटाळा येतो. तिसरं कारण त्यांनी प्रश्न म्हणून विचारलं, "तू शाळेत असताना तुझ्या वडिलांची फी थकली असती, तर तुझा फोटो त्या कारणासाठी परक्या देशात फिरलेला तुला चालला असता का?"

माझ्या वडिलांची फी खरंच एकदा थकली होती. बाईंना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तर आमचं सगळं एकाच गल्ल्यात जातं आणि समिती वाटते. याचा तोटाही सांगायला हवा. चेहरा दिसला की माणूस जास्त देतो आणि जास्त काळ देतो. चेहरा काढला तेव्हा मंडळाचे काही जुने देणगीदार गेले ते गेलेच. बाई हे लपवत नाहीत. अहवालात तसं लिहिलेलं आहे. आईला मी सांगितलं की नाव नाही, टेकडी आहे. ती म्हणाली, "बरं, टेकडीला नमस्कार सांग."

पण मुलं शिकतात का?

आता मुद्द्याचा प्रश्न. पैसे पोचले, गादी पोचली, पोरगी वर्गात बसली. पुढे? याचं उत्तर रवांडापासून थोडं पूर्वेला, केनियाच्या पश्चिम टोकाला बुसिया नावाच्या भागात शोधलं गेलं आणि तेही एका छोट्या युरोपियन संस्थेच्या मदतीने. संस्था जर्मन नव्हती, शेजारच्या नेदरलँड्सची. साधारण 1990 च्या दशकाचा मध्य. ही संस्था गरीब शाळांना गणवेश, पुस्तकं आणि वर्गखोल्या देणार होती. मायकेल क्रेमर नावाचा तरुण अमेरिकन अर्थतज्ज्ञ तिथे आला होता. तो पूर्वी केनियात शिक्षक म्हणून राहिलेला. त्याने सुचवलं की सात शाळा निवडण्याऐवजी चौदा निवडा, चिठ्ठ्या टाकून सातांना आत्ता मदत द्या आणि उरलेल्या सातांशी तुलना करा. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे आपलं ए-बी टेस्टिंग. फक्त बटणाच्या रंगाऐवजी शाळा.

निकाल बघा. गणवेश आणि सामान मिळालेल्या शाळांत मुलं जास्त काळ टिकली, गळती कमी झाली. ही चांगली बातमी. पण शेजारच्या शाळांतली मुलंही तिकडे आली, वर्ग फुगले आणि परीक्षेतले मार्क काही वाढले नाहीत.

मग दुसऱ्या प्रयोगात नुसती पाठ्यपुस्तकं दिली. तुम्ही आणि मी पैज लावली असती की मार्क वाढणार. सरासरीने वाढले नाहीत. जी मुलं आधीच वर्गात पुढे होती, फक्त त्यांचे वाढले. कारण शोधलं तर साधं निघालं. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बऱ्याच मुलांची तिसरी भाषा. घरी एक, बाजारात स्वाहिली, पुस्तकात इंग्रजी. मागच्या बाकावरच्या मुलाला ते पुस्तक उघडून उपयोगच नव्हता. हे रवांडालाही लागू पडतं, कारण तिथे 2008 साली शिकवण्याची भाषा फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचा निर्णय झाला. शिक्षकांनाच नवी भाषा शिकायची वेळ आली. घरी सगळे किन्यारवांडा बोलतात.

तिसरा प्रयोग जंतांच्या गोळीचा. 1998 पासून 75 शाळांत टप्प्याटप्प्याने गोळ्या दिल्या. गैरहजेरी साधारण एक चतुर्थांशाने घटली. ज्यांनी गोळी घेतली नाही अशा शेजारच्या मुलांनाही फायदा झाला, कारण जंत पसरायचेच कमी झाले. या आकड्यांवर पुढे संशोधकांत कडाक्याचे वाद झाले आणि ते पुरते मिटलेले नाहीत. पण एवढी स्वस्त गोष्ट हजेरीवर परिणाम करू शकते हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तुमच्यापैकी जे उशिराच्या बॅचचे आहेत, त्यांना शाळेत 10 फेब्रुवारीला चघळायला दिलेली जंतांची गोळी आठवत असेल. आपल्याकडे तो राष्ट्रीय कार्यक्रम 2015 साली सुरू झाला.

क्रेमरला 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्यामुळे तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अर्ध्या नोबेलवर हक्क सांगून झालेला आहे. पण आपल्या खऱ्या हक्काची गोष्ट वेगळी आहे आणि ती कमी लोकांना माहीत आहे. मुंबईतल्या प्रथम या संस्थेने वस्तीतल्या तरुण मुलींना बालसखी म्हणून नेमलं. वर्गात मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून त्या शिकवायच्या. मूल कितवीत आहे ते बघायचं नाही, त्याला काय येतं ते बघायचं. अक्षर येतं का? शब्द? परिच्छेद? गोष्ट? जिथे अडलंय तिथून सुरू. बॅनर्जी-डुफ्लो यांच्या गटाने मुंबई आणि वडोदऱ्यात हे मोजलं आणि मागे पडलेल्या मुलांचे मार्क खरंच वाढलेले दिसले. हीच पद्धत पुढे झांबियाच्या सरकारी शाळांत आणि आफ्रिकेतल्या आणखी काही देशांत गेली. जर्मनीतून पैसा जातो, ठीक आहे. पण शिकवायची रीत आपल्या मुंबईच्या वस्तीतून गेली.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "आम्ही वीस वर्षं मुलांना वर्गापर्यंत पोचवलं. वर्गात काय होतं ते शाळेचं काम असं समजलो." गेल्या वर्षीपासून टेकडीवरच्या शाळेत दुपारी एक तास किन्यारवांडातून वाचनाचा वर्ग चालतो. बारावी झालेले गावातलेच दोघे तरुण तो घेतात. त्यांचं मानधन आम्ही देतो. फायदा होतोय का? दर सत्राला मुलांची पातळी वहीत लिहून येते. वही मीच बघतो. दोन सत्रांच्या जोरावर काही छातीठोक सांगायचं धाडस माझ्यात नाही.

पाटीची गोष्ट

मार्चमध्ये वार्षिक सभा झाली. एका गृहस्थांनी मोठी देणगी देऊ केली होती. आमच्या मंडळाच्या मानाने खूपच मोठी. अट एक, दोन नव्या वर्गखोल्या बांधायच्या आणि दारावर त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाची पाटी लावायची. माणूस भला होता, दुःख खरं होतं. बाईंनी शाळेला विचारलं. मुख्याध्यापकांचं उत्तर सभेत वाचून दाखवलं. आशय असा की खोल्या आता पुरेशा आहेत. स्वयंपाकघराला पावसाचं पाणी साठवायची टाकी हवी, आणि यंदा वसतिगृहात गेलेल्या मुलींचं शेवटच्या वर्षापर्यंत नक्की काय, ते सांगा.

दोन तास चर्चा चालली. कुणी म्हणालं, टाकीवर पाटी लावू. गृहस्थ म्हणाले, टाकीवर नको. मग हात वर करून मतदान. खरं सांगतो, मी खोल्यांच्या बाजूने हात वर केला. आलेला पैसा कशाला सोडायचा, असा माझा सरळ हिशेब. आम्ही चार मतांनी हरलो. त्या गृहस्थांनी शांतपणे कोट घातला आणि ते गेले. देणगी दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेला गेली असणार.

त्या रात्री मी हिशेबाची फाइल पुन्हा उघडली. आजवर कुणी न केलेलं एक काम केलं. वसतिगृहात असलेल्या प्रत्येक मुलामुलीसमोर शिक्षण संपायला किती सत्रं उरली ते लिहिलं, त्याला सत्राच्या रकमेने गुणलं आणि बेरीज केली. हे आमचं खरं कर्ज. बँकेत शिल्लक होती त्याच्या साधारण दोन तृतीयांश. जर्मनीचा कायदा सर्वसाधारणपणे म्हणतो की देणग्या साठवून ठेवू नका, दोन-तीन वर्षांत कामावर खर्च करा. पण लहान संस्थांना त्यात सवलत आहे आणि ठरलेल्या कामासाठी राखीव निधीही ठेवता येतो. आम्ही तो कधी वेगळा ठेवलाच नव्हता. खोल्या बांधायला घेतल्या असत्या तर ठरलेल्या देणगीच्या वरचा खर्च याच शिलकीतून गेला असता. बांधकामात वरचा खर्च निघत नाही असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

कार्यकारिणीने दोन गोष्टी ठरवल्या. राखीव निधी वेगळ्या खात्यावर. आणि या सप्टेंबरात, म्हणजे तिथलं शाळेचं वर्ष सुरू होताना, वसतिगृहासाठी नवीन नावं फक्त दोन घ्यायची. समितीने पाच पाठवली होती. उरलेल्या तिघी घरून ये-जा करायच्या शाळेत जातील, त्यांचे 19,500 फ्रँक आम्ही भरू. त्यातली एक परीक्षेत टेकडीवर पहिली आली होती, पण तिच्या घरून वसतिगृहाला नाही म्हणाले, असं कळलं. बाकी दोघींना फक्त पैशासाठी नाही म्हणावं लागलं. ते पत्र बाईंनी लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. मी त्यात काहीच बदललं नाही.

परवा व्हॉट्सअॅपवर पावत्या आल्या. गादी, दोन नग. बादली, दोन नग. मी नंबर टाकले आणि फाइलला लावल्या. डिसेंबरात टेबल परत लागणार आहे. यंदा शंकरपाळ्या माझ्याकडे आहेत, आईकडून रेसिपी मागवली आहे.